छाप कोणाची? कोल्हापुरातील एका विडी घराण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातील तीन पिढ्यांच्या एका विडी उत्पादक कुटुंबाचे आणि त्यांच्या विडीची छाप, म्हणजे व्यापारचिन्ह, नेमकी कोणाच्या मालकीची या प्रश्नाचे आहे. ओळख पटू नये म्हणून छापेचे नाव व पेठ सांगितलेली नाही आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. घटनाक्रम मात्र पेढीच्या खतावण्या, भागीदारीपत्रे आणि संबंधितांशी झालेली बोलणी यांवरून जसा दिसला तसाच मांडला आहे.

संस्थापक मूळचे निपाणीच्या एका तंबाखू वखारीत दिवाणजी होते. निपाणी कोल्हापूरपासून चाळीसएक किलोमीटरवर आहे आणि त्या पट्ट्यातला बराचसा तंबाखू विडीसाठीच पिकवला जातो. पाने उन्हात वाळवून चुरतात, चाळतात आणि तो जाडसर जर्दा पोत्यांत भरून वखारीत ठेवतात. वखारीत माणूस दोन गोष्टी शिकतो, असे या घरात म्हणत: वासावरून तंबाखू कडक की नरम हे ओळखणे आणि शेतकऱ्याचे पैसे लांबवणे. हे अर्थातच गमतीने म्हटले जाई, पण १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखला आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले, त्यानंतर ही गंमत घरात कोणी केली नाही. त्या हंगामापासून पेढीने माल उचलतानाच निम्मी रक्कम रोख देण्याची पद्धत ठेवली.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस संस्थापकांनी नोकरी सोडली आणि कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत विड्या वळून घ्यायला सुरुवात केली. तंबाखू निपाणीचा आणि टेंभुर्णीची पाने विदर्भाकडची. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ पासून असल्याने पानांच्या गोण्या थेट शहरात उतरत. १९४३ साली सरकारने तंबाखूवर अबकारी शुल्क बसवले आणि वखारीतल्या प्रत्येक पोत्याची नोंद ठेवणे भाग पडले. दिवाणजी म्हणून उमेदवारी केलेल्या संस्थापकांना त्याचे ओझे वाटले नाही. पुढे सत्तर वर्षांनी छापेच्या मालकीचा गुंता सुटू शकला तो मुख्यत्वे त्यांनी लावलेल्या या दप्तराच्या सवयीमुळे, आणि तो निर्माण झाला तो त्याच दप्तरात राहून गेलेल्या एका त्रुटीमुळे.

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. वखार एका राज्यात आणि कारखाना दुसऱ्या राज्यात, अशी विभागणी कायमची झाली. मोठ्या मुलाने निपाणी सांभाळायची, मधल्याने कोल्हापूरचा कारखाना आणि धाकट्याने विक्री, ही वाटणी त्यातूनच आली. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण पुढच्या पिढीने ती जवळजवळ जन्मसिद्ध हक्कासारखी धरली.

विड्या वळणाऱ्या सगळ्या बायका होत्या आणि काम घरी होत असे. पाने आदल्या रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर जर्दा पसरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड नखाने मुडपायचे. सरावाची बाई दिवसाला आठशे ते हजार विड्या वळते. मजुरी हजारी, छाट निघालेल्या विडीला पैसा नाही, आणि दिलेली पाने पुरली नाहीत तर बाईने पदरच्या पैशांनी विकत घ्यायची. हा व्यवहार न्याय्य होता असे कुटुंबातलेही कोणी आज म्हणत नाही. तो सगळीकडे होता, एवढेच म्हणतात.

१९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला. १९७७ पासून विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, पण घरी काम करणाऱ्या बायका कारखान्याच्या कामगार आहेत की नाहीत यावर मालक मंडळी वाद घालत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्या कामगारच आहेत असे सांगितल्यावर या पेढीने घाईघाईने सगळ्यांची नावे चढवली. मस्टर लिहिणाऱ्या दिवाणजीने जिला ज्या नावाने हाक मारतात तेच नाव लिहिले: कोणाचे माहेरचे, कोणाचे सासरचे, कोणाचे नुसते लाडाचे. जन्मतारखेच्या रकान्यात अंदाजे वय होते, आणि एकाच गल्लीतल्या दोन बायका एकाच नावाने दोन खात्यांवर चढलेल्या होत्या.

प्रश्न कसा उभा राहिला

१ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग आरोग्याच्या सचित्र इशाऱ्यासाठी ठेवणे बंधनकारक झाले. विडीच्या कट्ट्यावरचे, म्हणजे बंडलावरचे, लेबल आधीच तळहाताएवढे असते. त्यावरचे चित्र, छापेचे नाव, संस्थापकांचा गोल चौकटीतला फोटो आणि उत्पादकाचा पत्ता हे सगळे उरलेल्या १५ टक्क्यांत बसवायचे होते. फोटो काढून टाकावा लागला. घरात त्यावरून जेवढा वाद झाला तेवढा तोपर्यंत कोणत्याही करावरून झाला नव्हता.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली. बायकांची मजुरी दर आठवड्याला रोख वाटली जाई, ती थांबली. महिनाभरात सगळ्यांची बँक खाती उघडून मजुरी खात्यात भरायची धडपड झाली आणि तेव्हा प्रथमच आधार कार्डावरचे नाव मस्टरशेजारी ठेवून पाहिले गेले. निम्म्याहून अधिक नावे जुळेनात. बँकेच्या कामापुरते हे निभावले, पण भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर मस्टरचेच नाव होते. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे कापून भरलेली रक्कम ज्या बाईची, तिला ती आपली म्हणून मागताच येणार नव्हती.

तिसरा धक्का १ जुलै २०१७ च्या जीएसटीचा. आधीचे उत्पादन शुल्क हजार विड्यांमागे ठरावीक रुपये असे होते. विडी स्वस्त असो की महाग, शुल्क तेच. त्याऐवजी तेव्हा विडीवर किमतीच्या २८ टक्के आणि पानांवर १८ टक्के कर आला. या घराची विडी जर्दा भरपूर भरलेली म्हणून कट्ट्यामागे थोडी महाग विकली जात असे, त्यामुळे तिच्यावरचा बोजा तुलनेने अधिक वाढला. उधारीवर माल घेणारे पानपट्टीवाले दीड-दोन महिन्यांनी पैसे देत आणि कर मात्र पुढच्याच महिन्यात भरायचा. त्यातच कर चुकवून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या विड्या बाजारात वाढल्या.

याच काळात मधल्या मुलाचे निधन झाले. भागीदारीपत्रात भागीदाराच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहील असे कलम नव्हते, आणि भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, तसा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. पूर्वी संस्थापक गेले तेव्हा लगेच नवे पत्र झाले होते. या वेळी मधल्या घरच्या मंडळींनी सही करण्याआधी हिशेब मागितला.

छाप कोणाची होती

पेढी विकत घेण्याबाबत दुसऱ्या जिल्ह्यातील एका मोठ्या उत्पादकाशी प्राथमिक बोलणी झाली होती. त्याच्या वकिलाने व्यापारचिन्ह नोंदवहीत शोध घेतला आणि छाप आजही संस्थापकांच्या वैयक्तिक नावावर आहे असे कळवले. ते जाऊन चाळीस वर्षे उलटली होती.

हे कसे घडले ते दप्तरावरून स्पष्ट दिसते. १९५८चा व्यापारचिन्ह कायदा १९५९च्या अखेरीस अमलात आला, तेव्हा संस्थापक एकटेच मालक होते, म्हणून त्यांनी अर्ज स्वतःच्या नावाने केला. मुलांबरोबर भागीदारी नंतर झाली. त्या पत्रात गोदाम, साचे, कात्र्या, शिल्लक तंबाखू, इतकेच काय तर दोन सायकली आणि तराजूही लिहिलेला आहे, छाप नाही. पुढे दर सात वर्षांनी आणि नवा कायदा लागू झाल्यावर दर दहा वर्षांनी मुंबईच्या एजंटाकडून पत्र येई, पेढी शुल्क पाठवी आणि नोंदणीचे नूतनीकरण मृताच्याच नावाने होत राही.

संस्थापकांनी मृत्युपत्र केले नव्हते. छाप त्यांची स्वतःची मिळकत मानली तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ती पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली यांच्याकडे समान वाटणीने गेली, आणि पत्नीच्या पश्चात तिचा हिस्साही पाच मुलांकडेच आला. म्हणजे छापेचे पाच समान हिस्से होते आणि त्यांतले दोन लग्न होऊन गेलेल्या मुलींचे. थोरल्या आत्या हयात होत्या. धाकट्या आत्या वारल्या होत्या आणि त्यांची मुले बेळगावात राहत होती. पेढीच्या कोणत्याही बैठकीला या शाखांपैकी कोणाला कधी बोलावलेले नव्हते.

छाप प्रत्यक्षात पेढीचीच मालमत्ता होती, कारण जाहिरात, नूतनीकरण आणि वापर सगळा पेढीच्या पैशांतून झाला, असाही युक्तिवाद करता येत होता आणि तो अगदीच कमजोर नव्हता. पण तो न्यायालयात सिद्ध करायला वर्षे लागली असती, आणि वाद चालू असलेली छाप कोणी विकत घेत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय व्यवसाय चालू ठेवण्याचा होता. विक्री पाहणारा धाकट्या शाखेचा नातू याच्या बाजूने होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी ८५ टक्क्यांचा नियम रद्द केला तेव्हा त्याने लागलीच जुन्या आकाराचे, आजोबांचा फोटो असलेले लेबल मोठ्या प्रमाणावर छापून घ्यायचे ठरवले. छापखान्याला आगाऊ रक्कम देण्याची तयारीही झाली होती. थोरल्या शाखेच्या नातवाने अपिलाची वाट पाहण्याचा आग्रह धरला. ८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. हे तीन-साडेतीन आठवडे या प्रकरणात महत्त्वाचे ठरले, कारण त्यानंतर व्यवसाय पूर्ववत होईल ही आशा विक्री पाहणाऱ्यानेही सोडली.

माल बदलण्याचाही विचार झाला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असल्याने सुगंधी तंबाखूकडे वळणे म्हणजे कायद्याशी रोजची झटापट होती. एका भाच्याने हाती वळलेल्या सिगारची कल्पना मांडली. कायद्याच्या नावात विडी आणि सिगार शेजारी असले तरी ती दोन निराळी कामे आहेत. सिगारला बाहेरून गुंडाळायला अखंड, मऊ, शिरा न टोचणारे तंबाखूचे पान लागते, ते आंबवावे लागते आणि तयार माल ठरावीक ओलाव्यात ठेवावा लागतो. निपाणीचा माल उन्हात कडक होऊन चुरला जातो. त्यातून वेष्टनाचे पान मिळत नाही. तंबाखूतला अनुभव म्हणजे सगळ्या तंबाखूतला अनुभव, हा समज या व्यवसायात पुष्कळांना असतो. कल्पना एका बैठकीपलीकडे गेली नाही.

उरले दोन पर्याय: छाप विकून कारखाना बंद करणे, किंवा छाप तशीच ठेवून, म्हणजे मरू देऊन, फक्त जागेची वाटणी करणे. कारखान्याची जागा व्यापारी पेठेत असल्याने तिचे मोल छापेच्या कितीतरी पट होते. मधल्या शाखेला दुसरा पर्याय पसंत होता. त्यात आत्यांचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण जागा पेढीच्या पैशांतून पेढीच्या नावावर घेतलेली होती. मात्र छाप विकली नाही तर कामगार बायकांपैकी कोणालाच पुढे काम मिळणार नव्हते, आणि देणी भागवायला जागा विकण्याची किंवा गहाण टाकण्याची वेळ आली असती.

निर्णय आणि कृती

सर्वांत कठीण निर्णय आत्यांना काय सांगायचे हा होता. एका सल्लागाराने सुचवले की नूतनीकरणासाठी सही हवी आहे एवढेच सांगून हक्कसोडपत्रावर सह्या घ्याव्यात. घरोघर असेच चालते. थोरला नातू याला तयार झाला नाही. त्याचे कारण निव्वळ नैतिक नव्हते. खरेदीदाराचा वकील प्रत्येक वारसाशी स्वतंत्रपणे बोलणार होता आणि लपवून घेतलेली सही पुढे आव्हान देण्यासारखी असते, हे त्याने ओळखले होते. तरीही माझ्या मते या प्रकरणातला हाच खरा निर्णय होय, कारण यानंतरची प्रत्येक गोष्ट शक्य झाली ती कागद सगळ्यांसमोर ठेवल्यामुळे.

बैठक थोरल्या आत्यांच्या सांगलीच्या घरी झाली. लहानपणी शाळेतून आल्यावर कट्ट्यांना खळ लावून लेबले चिकटवायचे काम दोघी बहिणींकडे असे, त्याची मजुरी कधी कोणी दिली नाही, हे त्यांनी हसत हसत पण नेमके सांगितले. हक्क सोडायला त्यांनी नकार दिला आणि पाचवा हिस्सा मागितला. धाकट्या आत्यांच्या मुलांनी सुरुवातीला जागेतही वाटा मागितला. जागेची खरेदी पेढीच्या खतावणीतून झाल्याची नोंद आणि त्या वेळची बँकेची पावती दाखवल्यावर त्यांनी तो आग्रह सोडला. छापेच्या विक्रीची रक्कम पाच समान भागांत वाटायची, जागा भागीदारांच्या तीन शाखांनी घ्यायची, आणि वारस म्हणून सर्वांची नावे आधी व्यापारचिन्ह नोंदवहीत चढवून मगच विक्रीखत करायचे, असे तडजोडपत्र झाले. व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ४५ खालच्या या नोंदीलाच बराच वेळ गेला. त्या अवधीत खरेदीदाराने देऊ केलेली किंमत कमी केली, कारण १५ टक्के जागेत उरलेल्या नावाला तो पूर्वीइतके मोल द्यायला तयार नव्हता.

करांचा हिशेबही ऐन वेळी पुढे आला. स्वतः उभ्या केलेल्या छापेचा खरेदीखर्च आयकर कायद्यानुसार शून्य धरला जातो, म्हणून आलेली जवळजवळ सगळी रक्कम भांडवली नफा ठरते. हिस्से ठरवताना आकडे करापूर्वीचे धरले होते, त्यामुळे हातात आलेली रक्कम पाहून बेळगावच्या मंडळींना फसवले गेल्यासारखे वाटले. हिशेब पुन्हा समजावून सांगावा लागला.

कामगारांचे काम याच्या समांतर चालू झाले. तोपर्यंत मस्टरवर शंभराच्या आतच बायका राहिल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्या मुली-सुना गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत जात होत्या. बंदीची साठ दिवसांची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई हा कायद्याचा भाग होता. वळलेल्या विड्यांची संख्या दर आठवड्याला बदलते, त्यामुळे सरासरी कोणत्या महिन्यांची धरायची यावर संघटनेशी थोडी ओढाताण झाली आणि पावसाळ्यातले मंद महिने वगळण्याचे ठरले.

भरपाईपेक्षा बायकांची मोठी काळजी वेगळीच होती. एक, भविष्य निर्वाह निधीतली नावे. दोन, विडी कामगाराचे ओळखपत्र, कारण त्यावर मुलांची शिष्यवृत्ती आणि दवाखाना अवलंबून होता. गोदामात टेबल मांडून निवृत्त दिवाणजींना बोलावले गेले. १९८५ नंतरची सगळी नावे त्यांनीच लिहिली होती, त्यामुळे कोणत्या नोंदीची बाई कोणती हे सांगू शकणारे ते एकटेच होते. एकाच नावाच्या दोन बायकांचा घोळ त्यांनी मजुरीच्या वहीतल्या अंगठ्यांवरून सोडवला: एकीच्या अंगठ्यावर साच्याच्या पत्र्याने कापल्याचा आडवा व्रण होता आणि तो प्रत्येक ठशात उमटलेला होता. अशा प्रत्येक नोंदीसाठी मालक आणि कामगार यांचे संयुक्त प्रतिज्ञापत्र तयार केले गेले. त्या वेळी हे प्रतिज्ञापत्र मालकाच्या सहीशिवाय होत नसे, आणि विसर्जनाचा दस्त झाल्यावर सही कोणी करायची हा प्रश्न आला असता. म्हणून तो दस्त मुद्दाम शेवटी ठेवला.

निष्पत्ती

छाप विकली गेली. अपेक्षेपेक्षा बरीच कमी किंमत आली, तरी कामगारांची देणी जागेला हात न लावता भागली. खरेदीदाराने सुमारे एकतृतीयांश बायकांना काम देऊ केले, पण त्याचे पाने वाटण्याचे केंद्र दूर असल्याने त्यांतल्या निम्म्याच गेल्या. निपाणीची वखार थोरल्या शाखेकडे राहिली. तिथे आता फक्त तंबाखूची खरेदी-विक्री चालते. कोल्हापूरची जागा तिन्ही शाखांच्या समाईक नावावर आहे आणि भाड्याने दिली आहे, म्हणजे वाटणीचा एक प्रश्न पुढच्या पिढीसाठी तसाच ठेवला गेला आहे. न्यायालयात कोणी गेले नाही. विक्री पाहणारा नातू आणि थोरला नातू यांचे बोलणे मात्र कामापुरतेच राहिले आहे. लेबले छापण्यावरून झालेला तो वाद त्याला कारण आहे असे दोघेही मान्य करत नाहीत.

काय वेगळे करता आले असते

संस्थापकांच्या निधनानंतर नवे भागीदारीपत्र झाले, त्याच आठवड्यात छापेची नोंदही हस्तांतरित करता आली असती. त्या वेळी पाचही भावंडे हयात होती, रक्कम लहान होती आणि एका पानाचे काम होते. ते राहिले याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. छाप ही गोदामासारखी कोणाच्या तरी मालकीची वस्तू असते, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच नव्हते. सायकली लिहिल्या गेल्या, कारण त्या दिसत होत्या.

दुसरी संधी नव्वदच्या दशकात होती. तेव्हा छापेला मागणी होती, वेष्टनावर तिला पूर्ण जागा होती, आणि नव्या मुली या कामाला येत नाहीत हे मस्टरवरून दिसत होते. त्या वेळी विक्री झाली असती तर किंमत कितीतरी अधिक आली असती. मधल्या मुलाने तसे सुचवलेही होते, असे त्याच्या घरचे सांगतात. दप्तरात त्याची नोंद नाही, आणि थोरल्या शाखेला ते आठवत नाही.

नावांच्या दुरुस्तीला मात्र नोटाबंदीची वाट पाहण्याचे काहीच कारण नव्हते. तीस वर्षांत निवृत्त झालेल्या किंवा मरण पावलेल्या कितीतरी बायकांची खाती अशीच अडकली असणार, आणि पेढीने शोध घेतला तो फक्त मस्टरवर शिल्लक असलेल्यांचा. त्यानंतर जुन्या कामगारांचे वारस अधूनमधून चौकशीला येऊ लागले, तेव्हा थोरल्या नातवाने दिवाणजींना आठवड्यातून दोन दिवस वखारीच्या खर्चातून मानधनावर बसवले. नोंदी शोधण्याचे काम ते करतात. पण विसर्जित पेढीच्या वतीने केलेली सही काही दाव्यांत मान्य झाली, काहींत परत आली, आणि परत आलेल्यांचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.